स्वस्त हत्यार कोणते?

(नाशिक येथे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव झाला, विजेचे बिल झाले, पीकविमा झाला. आता मी उभा राहिलो आहे तो पाना, पक्कड, विळा आणि खुरप्यावर बोलायला. काही जण हसले, ते मी पाहिले. हसा. मीही हसलो असतो. राहुरीच्या विद्यापीठात चार वर्षे शिकलो, खताच्या मात्रा तोंडपाठ केल्या, किडींची लॅटिन नावे लिहून मार्क मिळवले. पण नट फिरवताना पाना कसा धरावा आणि विकत घेताना कसा पारखावा, हे चार वर्षांत कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. त्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे हा विषय मी का काढला ते कळेल.

२०१५ साल आठवा. पावसाने दगा दिला होता. आमची कपाशी बोंडावर आलेली, विहिरीत जेमतेम दोन पाळ्यांचे पाणी. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. मोटर सुरू केली तर पंपाच्या फ्लँजमधून हवा ओढायला लागली. वायसर गेला होता. काम अर्ध्या तासाचे: चार नट खोलायचे, वायसर बदलायचा, नट आवळायचे. घरात पान्यांचा सेट होता. मीच बाजारातून आणलेला, चकचकीत, बारा पाने दीडशे रुपयांत. पहिला नट निघाला. दुसऱ्या नटावर वडिलांनी जोर लावला, तसे पान्याचे तोंड फाकले. नटाचे कोपरे गोल झाले, पाना निसटला आणि वडिलांचा हात फ्लँजच्या काठावर आपटला. बोटाला पाच टाके पडले. ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. गोल झालेला नट शेवटी छिन्नीने कापावा लागला. त्यात रात्रीची पाळी गेली, दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला नाही, म्हणून दुसरी रात्रही गेली. वरच्या वावरातल्या कपाशीने बोंडे टाकली ती टाकलीच.

आता हिशेब करा. दीडशे रुपयांचा सेट मला कितीला पडला? डॉक्टरचे पैसे, मेकॅनिकचे पैसे आणि गेलेला कापूस. दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्याच्याकडे चांगला पानाही होता. मी भाव पाहिला, माल पाहिला नाही.

कमी किमतीचे आणि स्वस्त

आपण दोन शब्दांची गल्लत करतो. जे कमी पैशात मिळते ते कमी किमतीचे. जे आपल्याकडे जितके दिवस काम करते त्या मानाने कमी पैसे घेते, ते स्वस्त. कधी कधी दोन्ही एकच असते, नेहमी नसते.

खुरप्याचे उदाहरण घ्या. समजा, बाजारातले पत्र्याचे खुरपे ऐंशी रुपयांना मिळाले आणि एका हंगामात संपले. लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याचे करून दिलेले खुरपे दीडशेला पडले आणि चार हंगाम चालले. पहिल्याचा खर्च हंगामाला ऐंशी, दुसऱ्याचा साडेसदतीस. यात अजून निंदणाऱ्या बाईचा वेळ धरलेला नाही. धार गेली की तिला दिवसातून चार वेळा दगड शोधावा लागतो. मूठ हलायला लागली की हाताला फोड येतात. मायबहिणींनो, तुमच्या त्या वेळेचा आणि त्या फोडांचा हिशेब आपल्या घरात कोणी मांडत नाही. खुरपे आणायला बाजारात पुरुष जातो, निंदायला बाई बसते. हातात घेऊन पाहिल्याशिवाय खुरपे घ्यायचे नाही, आणि पाहणारा हात ते वापरणाऱ्या बाईचा असला पाहिजे, एवढा एकच नियम केला तरी निम्मे काम होईल.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब बागायतदारापेक्षा जास्त लागू आहे. बागायतदाराचे आजचे काम उद्यावर गेले तर चालते. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या आपल्या रानात वापसा दोन-तीन दिवस टिकतो. त्या दिवसांत वखराची पास वाकली, कोळप्याचा नट निसटला की नुकसान पासेचे होत नाही, पेरणीचे आणि कोळपणीचे होते. हत्यार मोडायला मुहूर्त बघत नाही. ते कामाच्या दिवशीच मोडते, कारण त्याच दिवशी त्याच्यावर जोर येतो.

नव्या हत्यारावर विश्वास कसा बसतो

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर गावोगाव गेला. त्या वेळच्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मी म्हणत नाही. त्याने पाहिले, थांबला, शेजाऱ्याच्या वावरात काम कसे होते ते बघितले आणि मग पैसे काढले. आज आपण उलट करतो. मोबाईलवर चित्र बघतो, 'ऑफर' वाचतो आणि पैसे आधी देतो. मग अडाणी कोण?

आपल्या नाशिकचेच बघा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टपरिया टूल्सचा कारखाना आहे. १९६९ साली स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी हातहत्यारे बनवायला सुरुवात केली. आज देशात कुठल्याही वायरमनच्या पिशवीत हात घाला, त्यांची पक्कड किंवा पेचकस सापडण्याचा संभव मोठा. मी त्यांचा एजंट नाही, दुसऱ्याही चांगल्या कंपन्या आहेत. जालंधर-लुधियानाकडे तयार होणारी हत्यारे परदेशात जातात. मुद्दा एवढाच की चांगले हत्यार म्हणजे जर्मनीचे आणि हजारो रुपयांचे, असे काही नाही. रोज पोट भरणारा वायरमन आणि मेकॅनिक जे वापरतो, ते मध्यम किमतीचे असते. त्याच्याकडे सर्वांत महागडे नसते, कारण त्याला परवडत नाही. सर्वांत कमी किमतीचेही नसते, कारण तेही त्याला परवडत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी गावच्या मेकॅनिकची पेटी उघडून बघा. तिथे झिजलेले पण न मोडलेले जे हत्यार दिसेल, त्याची परीक्षा झालेली आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपलीच पोरे कामाला आहेत. त्यांना विचारा. तिथे माल आला की मापून घेतात, बसला नाही तर परत पाठवतात. तोच पोरगा सुट्टीला गावी आला की बाजारातून न मापता पाना घेतो. कारखान्याचा पैसा जपून वापरायचा आणि बापाचा मात्र डोळे मिटून, हे काय?

पारख कशी करावी

आता कामाचे सांगतो. ज्यांच्याकडे कागद-पेन्सिल आहे त्यांनी लिहून घ्या.

पाना. बाजारात जाताना खिशात आपल्या पंपाचा आणि कोळप्याचा एकेक नट-बोल्ट घेऊन जा. पाना नटावर बसवून हलवा. खुळखुळला तर परत ठेवा. पत्र्यातून कापलेला आणि ठोकून घडवलेला पाना यांत फरक असतो. घडवलेल्याच्या तोंडाजवळ जाडी असते, कडा गोलसर असतात, आकडा खोल उमटलेला असतो. चांगल्या पान्यावर बहुधा 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले असते. पण नुसत्या कोरण्यावर जाऊ नका, कोरायला पैसे लागत नाहीत. बारा पान्यांचा सेट घेण्याऐवजी आपल्याला लागतात ते चार-पाच सुटे घ्या: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९. घट्ट नटासाठी रिंग पाना घ्या. तो नटाला सगळ्या बाजूंनी धरतो, म्हणून कोपरे गोल होत नाहीत. माझ्या वडिलांच्या हातात त्या रात्री रिंग पाना असता तर बोट वाचले असते. आणि जोर लावताना पाना आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ओढताना निसटला तर हात मोकळ्या हवेत येतो, ढकलताना निसटला तर लोखंडावर जातो.

पक्कड. मिटून उजेडासमोर धरा. टोके नीट मिटली पाहिजेत आणि कापायच्या धारेत उजेड दिसता कामा नये. वर्तमानपत्राचा तुकडा त्या धारेने कापून बघा. मुठीवरच्या रबरावर १००० व्होल्टचा शिक्का असतो तो बघा. साधी चढवलेली नळी म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे, ती नुसती हाताला मऊ लागावी म्हणून असते. शिक्का असला तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. मोटरला चिकटून गेलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची घरे आपण पाहिली आहेत. तिथे पक्कड चांगली की वाईट, हा प्रश्न पैशाचा राहत नाही.

विळा, कोयता, कुऱ्हाड. सोबत एक छोटी कानस ठेवा. धारेवर हलकेच चालवा. लोण्यासारखी चालली तर पोलाद मऊ आहे, धार टिकणार नाही. काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक आहे, दगडावर आपटले की तुकडा उडेल. थोडी धरून, थोडी घासून चालली पाहिजे. दुकानदाराने कानस लावू दिली नाही तर पुढच्या दुकानात जा. गहू, भात, गवत कापायला दातेरी विळा हलका पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'वैभव' विळा त्याच जातीचा. त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. पण ज्वारीच्या जाड ताटाला आपला भारी विळाच बरा.

आणखी एक. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला ग्राइंडरवर धार लावताना कड निळी पडली की समजा लोहाराने दिलेले पाणी उतरले. ती कड आता मऊ झाली. चांगले हत्यार आपण असे घरीच मारतो आणि मग दुकानदाराला शिव्या देतो. थोडे घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. दगडावर धार लावायला वेळ लागतो, पण हत्यार जगते.

दांडा. दांडा विकत घेताना लाकडाच्या रेषा बघा. त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मानेजवळ गाठ असेल तर तो दांडा तिथेच तुटणार. ओल्या लाकडाचा दांडा वाळला की आकसतो आणि घणाचे डोके उडते. बाभळीचा दांडा वर्षभर सावलीत वाळवून ठेवणारी म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांच्याकडून शिका.

ग्राइंडर. हे यंत्र आता घरोघरी आले आहे, म्हणून नीट सांगतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्यावरची चकती फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे येतात. चकतीवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल ते छापलेले असते. तो आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचे महिना-वर्ष असते, ते औषधाच्या बाटलीसारखे वाचा. भिजलेली, पडलेली, तडकलेली चकती फेकून द्या. यंत्राबरोबर येणारे लोखंडी कव्हर काढून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. डोळ्यांवर चष्मा पाहिजे. तो ग्राइंडरच्या मानाने अगदी थोड्या पैशांत येतो. डोळा कुठल्याच बाजारात मिळत नाही. यंत्र घेताना विचारा की आत तांब्याचे वाइंडिंग आहे की ॲल्युमिनियमचे, आणि कार्बन ब्रश तालुक्याला मिळतात का. ब्रश मिळत नसतील तर ते यंत्र सहा महिन्यांनी भंगार आहे, कितीही कमी किमतीत मिळो.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सगळेच चांगले घ्या असे मी म्हणत नाही. तेवढा पैसा असता तर आपण इथे बसलो नसतो. माझा नियम असा: जे मोडले तर अंगाला इजा होते किंवा वापशाचा दिवस जातो, तिथे पैसा घाला. जे मोडले तर नुसता त्रास होतो, तिथे वाचवा.

पैसा घालायचा तो पाना, पक्कड, टेस्टर, हातोडीचे डोके, ग्राइंडरची चकती, कुऱ्हाड आणि वखराची पास यांवर. वाचवायचा तो घमेले, मोजायची टेप, पेटी, तेलाची कुपी, ब्रश यांवर. हॅक्सॉची फ्रेम साधी चालते, पाते मात्र चांगले हवे. पहार जुन्या बाजारात वजनावर घ्या, फक्त ती सरळ असावी. जुना शेगडा मिळाला तर हातोडीने टिचकी मारून ऐका. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत तडा आहे. जुने घडीव पाने मिळाले तर आनंदाने घ्या. जुनी कानस मात्र घेऊ नका, तिचे दात संपलेले असतात म्हणूनच ती विकायला आलेली असते.

गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात जा, नाहीतर आपल्या तालुक्याच्या बाजारात जा, पण एकदा तरी नुसते बघायला जा. खरेदीची घाई नसलेला माणूसच चांगली खरेदी करतो. मृगाच्या आदल्या दिवशी गेलेल्याला जे मिळेल ते घ्यावे लागते, आणि हे विकणाराही ओळखून असतो.

लोहार गेला, त्याचे काय

बारा बलुतेदारांत लोहार होता. वर्षाला धान्य घ्यायचा आणि फाळ, विळे, पासा नीट ठेवायचा. त्या व्यवस्थेत त्याच्यावर अन्याय होता. ती परत यावी असे मी म्हणणार नाही. पण हत्यार बनवणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत होते, त्यामुळे खराब काम लपत नव्हते. आज बनवणारा कोण हे आपल्याला माहीत नाही आणि त्यालाही आपण माहीत नाही.

पावसाळ्याआधी घिसाडी लोक भाता-ऐरण घेऊन गावात येतात. नवरा सांडशीने लोखंड धरतो, बायको घण घालते. आपण त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तालुक्याच्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो. गावातल्या दहा जणांनी मिळून गॅरेजमधून ट्रकचा मोडका पाटा आणावा, घिसाड्याला किंवा जवळच्या लोहाराला एकदम वीस-पंचवीस खुरपी आणि विळ्यांची ऑर्डर द्यावी, पूर्ण दाम द्यावे आणि पाणी नीट द्यायला सांगावे. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचे दाम बुडवू नये.

सरकारचा वाटा

सरकारकडे पान्याच्या पेटीला अनुदान मागायला मी आलो नाही. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्यात विळा, खुरपे, कुदळ, फावडे, कुऱ्हाड यांवर कर नाही. पाना, पक्कड, पेचकस घेतला की १८ टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी शेतकरी अजून कुदळ घेऊनच शेती करतो. त्याच्याकडे मोटर आहे, फवारणीचा पंप आहे, पेरणी यंत्र आहे, ते बिघडते आणि तो ते स्वतः दुरुस्त करतो, हे त्यांच्या यादीत नाही. पान्यावर १८ टक्के देणारा शेतकरी तो कर कापसाच्या भावात वसूल करू शकत नाही. पुढच्या निवेदनात हा मुद्दा घालावा अशी माझी सूचना आहे.

आणि एक आपल्या हातातले. बिल घ्या. बिल नसले तर बदलून मिळणेही अवघड आणि ग्राहक आयोगात उभे राहणेही अवघड. नामांकित छापाच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून माल येतो. नाव डोळ्यांनी नुसते पाहू नका, अक्षर अक्षर वाचा.

गावी जाऊन काय करायचे

मी फार मोठे काम सांगत नाही. मृगाच्या आधी एका संध्याकाळी दहा घरांनी आपापल्या हत्यारांच्या पेट्या चावडीवर आणाव्यात आणि ओताव्यात. तीन ढीग करावेत: चांगले, दुरुस्त होणारे आणि धोक्याचे. धोक्याच्या ढिगात फाकलेले पाने, हललेल्या दांड्याचे घण, तडकलेल्या चकत्या, फाटलेल्या रबराच्या पकडी येतील. तो ढीग त्याच दिवशी भंगारात द्यावा, घरी परत नेऊ नये. परत नेला की तो वापरला जातो, मी हे अनुभवाने सांगतो. मग दहा घरांत मिळून एक चांगली पेटी करावी: रिंग पाने, पाईप पाना, ग्राइंडर, शेगडा, पऱ्हाटी उपटायचे दोन चिमटे. ही हत्यारे प्रत्येकाला वर्षातून पाच-सात दिवसच लागतात, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. पेटी एका घरी ठेवावी, वही ठेवावी, नेताना सही आणि आणताना सही. मोडले तर ज्याच्या हातून मोडले त्याने सांगावे. त्याला दंड करू नये, नाहीतर मोडलेले हत्यार गुपचूप पेटीत परत येईल आणि पुढच्या माणसाच्या हातावर बसेल.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एवढेच सांगायचे: किती गावांत पेट्या ओतल्या आणि धोक्याच्या ढिगात काय काय निघाले. माझ्या घरच्या ढिगात तो बारा पान्यांचा सेट निघाला होता. अकरा पाने अजून चकचकीत होते.